आठ खुणांची पट्टी

बायकोबरोबर अख्खा संसार केला, पण ही एक गोष्ट तिच्या कानावर घातली नाही. ज्यांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो ते डॉक्टर गेले, त्यांनाही सांगितलं नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. समोर असतात तर जीभ रेटली नसती.

आधी माझ्या छंदाबद्दल सांगू द्या. टाळाटाळ करतोय असं वाटेल — करतोच आहे.

दुसऱ्या जागतिक लढाईच्या आधीची गोष्ट. तेव्हा सिगारेटच्या पाकिटात एक छोटं रंगीत कार्ड निघायचं. पुढे चित्र, मागे नंबर आणि बारीक टायपात माहिती. पक्षी, आगगाड्या, क्रिकेटवाले, असे पन्नास-पन्नासाचे संच असत. मला स्वतःला विडीसुद्धा सोसत नसे, पण लोणावळ्याला मुंबईच्या शेठलोकांचे बंगले होते आणि शेठलोक धूर काढत. बंगल्यांवरचे खानसामे औषधाला आले की माझ्यासाठी कार्डं घेऊन येत. जो कार्ड आणी त्याचा नंबर आधी लागे. बाकीचे बसले पडवीत. हे कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं. बोलणार कोण? औषध माझ्या हातून मिळायचं.

माझा जीव अडकला होता जहाजांच्या संचात. एकोणपन्नास जमली होती. एकतीस नंबर नव्हता.

आणि वेळ? वेळ कुठला! सकाळी सातपासून खिडकीशी गर्दी. मिक्श्चर ढवळा, पुड्या बांधा, मलम घोटा, गळवं धुवा. पावसाळ्यात तर हगवण आणि हिवताप, मान वर करायला फुरसत नसे. घरी गेलो की आईचं दुखणं, बहिणीच्या लग्नाची धावाधाव. मला माझा म्हणून अर्धा तास हवा होता, फार नाही. तो मी कसा काढला, ते सांगतो. त्याचा मला केवढा अभिमान होता!

तुमच्यापैकी वयस्कर मंडळींना आठवत असेल — औषधाच्या बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटवलेली असायची. पट्टीच्या कडेला कात्रीने खुणा कातरलेल्या. एका खुणेपासून दुसरीपर्यंत एक डोस. वाचता न येणारं माणूससुद्धा त्या खुणेवर औषध देई. प्रत्येक बाटलीसाठी पट्टी कातरायची, डिंक लावायचा, चिकटवायची. दिवसाकाठी साठ-सत्तर बाटल्या. मी रविवारी बसून आठवड्याच्या पट्ट्या एकदम कातरून ठेवू लागलो. मोठ्या माणसाला बाटलीचे चार डोस, म्हणून चार खुणांचा एक गठ्ठा. लहान पोराला त्याच बाटलीचे आठ डोस, म्हणून आठ खुणांचा दुसरा. नुसती उचलायची आणि डकवायची. रोज अर्धा तास वाचला. त्या अर्ध्या तासात आतल्या खोलीत दार लोटून मी कार्डं मांडत बसे. बाहेर लोकांना वाटे, औषध तयार होतंय.

त्या सकाळी एका बंगल्याचे खानसामे हसनभाई आले आणि त्यांनी खिशातून एकतीस नंबर काढला.

खोटं कशाला बोलू, हातातलं काम टाकून मी ते बघत राहिलो. चार धुराड्यांचं जहाज, निळा समुद्र. तेवढ्यात खिडकीशी औंढ्याची हौसा उभी. वीस-बावीस वर्षांची असेल, कडेवर दीड वर्षाची पोर, गोदी. हगवणीने पोरीचे डोळे खोल गेले होते. डॉक्टरांनी मिक्श्चर लिहून दिलं होतं, त्यात अफूच्या अर्काचे थेंब. पोट बांधायला तेव्हा देत असत. मी औषध बरोबर केलं. थेंबही बरोबर मोजले. मग गठ्ठ्यातली पट्टी उचलली, डिंक लावला, चिकटवली. लगेच आत गेलो आणि त्याच डिंकाने एकतीस नंबर वहीत डकवला.

पट्टी चार खुणांची होती.

इथवर चूक म्हणा. माणसाकडून होते, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आलो. पण मी चुकीबद्दल सांगायला बसलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एका बंगल्यावर रोगी बघायला गेले होते. खिडकीशी हौसा आली, नवरा आणि सासू बरोबर. पोर नव्हती. काल संध्याकाळी गोदी झोपली ती सकाळी उठलीच नाही. नवऱ्याने बाटली पुढे केली. विचारायला आले होते, भांडायला नाही. गरीब माणूस दवाखान्याशी भांडत नसे.

मी पट्टीकडे पाहिलं आणि खुणा मोजल्या. चार. बाटलीत पाव हिस्सा औषध उरलेलं. तीन खुणा दिल्या होत्या तिने, डॉक्टरांनी सांगितलं तशा तीन वेळा. बिनचूक. प्रत्येक वेळी दुप्पट.

मग मी काय केलं? — हेच ते. हेच सांगायचं होतं.

"आत उजेडात बघतो," म्हणालो आणि बाटली आत नेली. दार लोटलं. ओल्या फडक्याने पट्टी सोडवली, काच स्वच्छ पुसली. दुसऱ्या गठ्ठ्यातली आठ खुणांची पट्टी घेतली, चिकटवली, आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरून वाळवली. घाई केली नाही. ओला डिंक दिसला असता. पट्टीचा एक कोपरा नखाने मळकट केला, काल लावलेली वाटावी म्हणून. एवढं डोकं मी एखाद्या रोग्यासाठी कधी चालवलं होतं? आता हिशोब सरळ होता. आठातल्या दोन उरल्या, म्हणजे आईने एका दिवसात पोरीला सहा डोस पाजले.

डॉक्टर आले तेव्हा मीच बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी पाहिलं, कपाळाला हात लावला. पडवी भरलेली होती.

हौसा म्हणाली, "म्या तीनदाच दिलं. एक खून, एक बारी. चारच खुना व्हत्या वो."

डॉक्टर माझ्याकडे वळले. तिथे माझा एक शब्द पुरला असता. मी हसलो — खरंच हसलो — आणि म्हणालो, "चार? मोज बघू सगळ्यांसमोर."

मी बाटली तिच्या नाकासमोर धरली. तिने बोट लावलं. एक, दोन, तीन म्हणाली. डोळ्यांना धार लागली होती. पाचाशी अडली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा अडली. मी थांबवलं नाही. तिसऱ्यांदा मोजायला लावलं. रात्रीच जिचं मूल गेलं त्या बाईला मी भर पडवीत पाढे म्हणायला लावले, आणि लोक बघत होते. "हिला धड मोजताबी येत न्हाई," सासू म्हणाली आणि तिने तिथेच हौसाच्या थोबाडीत मारली. नवरा खाली बघत उभा राहिला. मला काय वाटलं? सुटलो, असं वाटलं. दुसरं काही नाही.

संध्याकाळी वही उघडली, तर एकतीस नंबरचा कोपरा उचकटला होता. तो मी पुन्हा नीट बसवला.

महिन्याच्या आत नवऱ्याने तिला शिरगावला माहेरी पाठवली. दुसरी बायको केली. हे मला बसल्या जागी कळत गेलं; दवाखान्याच्या खिडकीशी सगळ्या तालुक्याच्या बातम्या येतात. भावाच्या घरी ती गुरांचं, शेणाचं बघते, म्हणत. पोरवाली बाई तिला दारातून आत घेत नसे. बारशाला बोलावत नसत. 'पोर मारलेली' हेच तिचं नाव झालं होतं. औंढे, शिरगाव दोन्ही माझ्या सायकलच्या टप्प्यात होती. कितीदा त्या बाजूला गेलो असेन! कार्डं आणायला गेलो.

पुढे डॉक्टर बाजाराच्या दिवशी वडगावला बसू लागले, मी बरोबर असे. लढाई सरत आली असेल तेव्हा. एकदा खिडकीशी एक बाई तापलेलं पोर घेऊन आली आणि तिच्यामागे हौसा. वाळली होती. मी ओळखलं, तिनेही ओळखलं. मला वाटलं, आता बोंब मारेल. वाटलं, की हवं होतं? नक्की सांगता येत नाही.

औषध झालं. मी बाटली पुढे केली. ती बाई हौसाची भावजय; तिच्या दोन्ही हातांत पोर, म्हणून तिने हौसाकडे पाहिलं. हौसाने हात पदराखाली घेतले आणि दोन पावलं मागे सरली.

"माज्या हाती नगा देऊ, कंपौंडरदादा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला मोजता येत न्हाई. तुमाला ठावं हाय."

जागा होती, वेळ होता, मागे एकच म्हातारा उभा होता. डॉक्टर पलीकडे खुर्चीत. मी भावजयीकडे वळलो आणि म्हणालो, "बरोबर बोलते ती. औषध तुम्हीच द्या. हिच्या हाती लागू देऊ नका."

हौसाने मान हलवली. "व्हय," म्हणाली.

मी म्हाताऱ्याला पुढे बोलावलं.