निकिताला काय लागलं होतं

काल आमटीच्या वाटपासाठी नारळ फोडला आणि त्या ओल्या, गोडसर वासासरशी मला एक जुनी तिन्हीसांज आठवली.

माझी लेक निकिता तेव्हा कॉलेजात होती. भावाचा ढगळ शर्ट घालून माडाखाली एकटीच फेऱ्या मारायची, हात झटकत भराभर काहीतरी पुटपुटायची. मी जवळ गेले की गप्प. माझ्या मनात पाल चुकचुकली.

“रॅप करतंय गो आये,” ती म्हणाली. मला ते पटेना. बाहेरची बाधाच असणार, असं मी सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी तिला अंगणातल्या तुळशीसमोर उभं केलं आणि नारळ हातात धरून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक जा काय लागला आसा, ता वेशीभायर काढ म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आम्ही सगळे म्हणालो.

मी डोळे किलकिले करून तिच्याकडेच बघत होते. मान खाली होती, पण पायाचा अंगठा सारवलेल्या खळ्यात ठेका धरत होता. पुढच्या प्रत्येक ओळीला तिचाच ‘होय म्हाराजा’ सगळ्यांत मोठा. शेवटी सासऱ्यांनी नारळ फोडला तेव्हा मला वाटलं, चला, उतरलं एकदाचं.

परवा गावच्या कट्ट्यावरच्या कार्यक्रमात ती माईक घेऊन गाऱ्हाण्याच्या त्याच चालीत वाळू उपसून नेणाऱ्या डंपरांविरुद्ध रॅप करत होती. प्रत्येक ओळीला समोरची पोरं ओरडत होती, “होय म्हाराजा!”

आता मला वेगळाच संशय येतो. त्या तिन्हीसांजेला बाहेर काही गेलंच नाही. उलट तिला जे लागलं होतं, त्याला सासऱ्यांनी नारळ फोडून घरात घेतलं.