काचेवरचा हात

कोल्हापूरहून मी कुरुंदवाडला निघाले ती कृष्णा-पंचगंगेचा संगम बघायला. थंडीतली सकाळ होती. स्टँडवर चहा घेतला तेव्हा आकाश स्वच्छ होतं; पण शिरोळ मागे पडलं आणि एसटीच्या खिडकीबाहेर काहीच उरलं नाही. ना ऊस, ना रस्ता. नदीचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असतं, त्याची वाफ वर येते आणि गार हवेत तिचे बारीक थेंब होतात. नाशिकच्या शाळेत विज्ञान शिकवताना धुक्याचं हे कारण मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण त्या वाक्यात इतकी शांतता असते, हे ठाऊक नव्हतं.

कंडक्टरनं कुठल्याशा थांब्याचं नाव पुकारलं, मला ते कुरुंदवाड वाटलं आणि मी उतरले. गाडी बघता बघता नाहीशी झाली. तिचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला, कधी डावीकडून, कधी मागून. मग तोही थांबला. उसाच्या पानांवरून पाणी टपटप गळत होतं, जणू आत कुणी चालतंय. चष्म्यावर पाणी धरलं होतं. तेवढ्यात उकळत्या रसाचा वास आला. वासाच्या दिशेनं बांधावरून चालत गेले तेव्हा धुक्यात एक तांबूस उजेड दिसला. गुऱ्हाळ होतं ते.

"कोन हाय?" आतून एक बाई ओरडली.

"चुकले मी. कुरुंदवाडला जायचंय."

"या की पावणं, आत या. ह्या धुक्यात कुटं निघालासा?"

या सुशीलाबाई, गुऱ्हाळाच्या मालकीण. नवरा उन्हाळ्यात अचानक गेला. तेव्हापासून त्याच सांभाळत होत्या. त्यांनी ताटलीत शिळी भाकरी आणि वर गरम काकवी (गूळ होण्याआधीचा पातळ पाक) दिली. जीभ भाजली, तरी थांबवेना.

खाताना लक्षात आलं की इथे कुणी बोलत नाहीये. भल्यामोठ्या काहिलीत रस खदखदत होता, वाफेनं छप्पर दिसत नव्हतं आणि कामकरी माणसं सगळी एकाच बाजूला पाठ करून उभी होती. त्या बाजूला गुळाच्या ढेपा ठेवायची खोली होती. तिला दोन तावदानांची खिडकी.

"तिकडं बगू नका," इस्माईल म्हणाला. हा नवा गुळव्या (पाक ओळखणारा मुख्य कारागीर).

मी बघितलं. तावदान वाफेनं पांढरं होत होतं आणि त्या पांढऱ्यात एक जागा पांढरी होत नव्हती. आधी तळवा. मग बोटं, फाकलेली, कुणी पलीकडून काच ढकलावी तशी. करंगळी अर्धीच होती.

माझ्या हातातली ताटली खाली पडली.

"धनी हायत," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "घाण्यात करंगळी गेलती त्येंची. रोज काहील तापली की हात येतोय, निवली की जातोय."

"वहिनी, ही काहील उतरली की मी निघालो," इस्माईल म्हणाला. "दोघं तर कालच पळाली. रागावू नका, पर मला बी पोरंबाळं हायत."

बाहेर तोडलेला ऊस पडून होता. माणसं गेली तर तो जागच्या जागी वाळणार होता. सुशीलाबाईंचा दीर काच फोडायला सांगत होता, त्यांना ते करवत नव्हतं.

भीती मलाही वाटत होती. तरी विचारलं, "ते इथे हात टेकून उभे राहायचे का?"

"व्हय. ढेपा वाळल्या का बगाय रोज वाकायचे."

"आणि हाताला तेल असायचं?"

रस उतू जाऊ नये म्हणून काहिलीत तेलाचं बोट सोडतात. त्याचा डबा शेजारीच होता. मी त्यात तळवा बुडवला, दुसऱ्या तावदानावर टेकवला आणि रुमालानं काच कोरडी केली. काही दिसेना. पहिल्या तावदानाकडे मी वळले तेव्हा सुशीलाबाईंनी मनगट धरलं. "त्यो पुसू नका."

आम्ही थांबलो. काच हळूहळू पांढरी झाली, सगळीकडे सारखीच. इस्माईलनं माझ्याकडे पाहिलं. आणि मग माझी बोटं दिसायला लागली. मी काचेपासून लांब उभी होते, हात पदरात होता, आणि तरी माझा हात तिथे हळूहळू उमटत होता.

"तेल लागलेल्या जागी वाफ वेगळी बसते," मी सांगितलं. "नुसत्या पाण्यानं तेल जात नाही. राखेनं घासलंत की निघून जाईल."

इस्माईलनंही हात टेकवला. तो उमटला तेव्हा तो मोठ्यानं हसला, मग बाकीचेही. कुणीतरी भट्टीत चिपाडं सारली. पळालेल्या दोघांना फोन लावा, असं इस्माईलच म्हणाला.

सुशीलाबाई हसल्या नाहीत. मूठभर राख घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या.

"म्हंजे ह्यो भूत न्हाय."

"नाही."

"त्येंचाच हात हाय. खरा."

"हो."

त्यांनी राख खाली टाकली. "मग ऱ्हाऊ दे की. भूत असतं तर घालवलं असतं."

ऊन चढल्यावर इस्माईलनं मला मोटरसायकलवरून कुरुंदवाडला सोडलं. संगम पाहिला. धुकं विरलेलं, पाणी साधं पाण्यासारखं.

नाशिकला परतून आता बरेच दिवस झाले. तिथं नेमकं काय घडलं, हे मी कुणालाही समजावून सांगू शकते. पण निघायच्या गडबडीत माझं तावदान कुणीच घासलं नाही. थंडी अजून आहे, गुऱ्हाळ चालू आहे. सकाळी मी इथे कणीक तिंबत असते, आणि तिकडे वाफ चढली की त्या अर्ध्या करंगळीच्या हाताशेजारी माझा हात काचेवर येत असणार.