शेवंतीला सांगायच्या गोष्टी

आमच्या घरात कुणाला टोचून काही बोलायचं असलं, तर ते घोडीला सांगायची पद्धत आहे. पद्धत पाडली आजोबांनी. दत्ताजीराव, वय बाहत्तर, तमिळ मुलखात अंबत्तूरच्या कारखान्यांमागच्या पागेत चार घोडी, एक शिंगरू, एक मुलगी कल्पना आणि तिची मुलगी मी, एवढ्यांचे मालक.

शेवंतीचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करायला बसले, की त्यांचं सुरू होतं. "शेवंती, ऐकूलीस का? आज कॉफी होती की कषाय?" दोन हात अंतरावर आई लीद भरत असते. ती ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी कॉफी दाट येते. आजोबांची मराठी तंजावरची. वाक्य सपाट रस्त्यानं चालतं आणि शेवटच्या शब्दाला जिना चढतं. मला ती हुबेहूब काढता येते. एकदा मी त्यांच्या आवाजात फोन करून चंद्रमौळींच्या दुकानातून कोंड्याची दोन पोती मागवली. पोती आली, वर चंद्रमौळींनी तब्येतीचीही चौकशी केली.

वर्षभराची कामं आम्हाला तोंडपाठ आहेत. मे महिन्यात अग्नी नक्षत्राच्या उन्हात घोड्यांना दोनदा अंघोळ आणि पागेच्या खिडक्यांना ओली पोती. मार्गळीच्या थंड पहाटे लांबलचक खरारा, तेव्हा माणसं आणि घोडी सारखीच खूश असतात. पण खरी परीक्षा ऐप्पसीची, म्हणजे दसरा-दिवाळीच्या महिन्याची; इकडे मोठा पाऊस तेव्हाच येतो. पावसाळा लागायच्या आत चारा फळ्यांवर चढवायचा, चर उकरायचा, डासांसाठी कडुलिंबाचा धूर, आणि प्रत्येक खूर कोरून त्यात तेल भरायचं. तो राहिला, तर आठ-पंधरा दिवसांच्या चिखलात सडतो.

यंदा नेमकी दसऱ्याच्या आधी पोतं उचलताना आजोबांची कंबर धरली. डॉक्टरांनी पोंगलपर्यंत, म्हणजे थेट संक्रांतीपर्यंत, वाकायला बंदी केली. बाकीची घोडी कुणालाही पाय देतात. शेवंती अठरा वर्षांची आहे आणि मागचा पाय आजोबांशिवाय कुणाला देत नाही. आजोबांनी दोन दिवस विचार केला आणि होसूरला घोडी पाळणाऱ्या बालाजीरावांना फोन लावला. तिकडची जमीन उंच, कोरडी. दसऱ्यानंतरच्या शनिवारी गाडी येऊन शेवंतीला घेऊन जाणार, असं त्यांनी जेवताना सांगितलं. आईनं भात कालवायचा थांबवला. शेवंती जन्मली ती आईच्या हातांवर.

"मी देईन की खूर कोरून," एवढंच ती म्हणाली.

"शनिवारच्या आत दिलास तर ठेवू," आजोबा म्हणाले.

मग पाच दिवस तमाशा. आई बँकेतून आली की साडी खोचून शेवंतीजवळ जायची, गूळ द्यायची, मानेवर थोपटायची आणि बँकेत खातेदाराशी बोलतात तसं म्हणायची, "पाय उचलतेस का, बाळ?" बाळ शेपटीचा फटका मारायची. मी आजोबांच्या आवाजात बोलून पाहिलं. शेवंतीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे पाय माझ्या चपलेवर ठेवला. आजोबा दारात खुर्ची टाकून बसलेले, ते हसता हसता कंबर धरून कळवळले.

शुक्रवारी संध्याकाळी आईचा तोल गेला. गूळ बाजूला टाकून ती शेवंतीच्या मागच्या पायाशी बसली, आणि खुर्चीकडे पाठ करून सुरू झाली.

"ऐक शेवंती. या घरात एक राव आहेत. कंबर मोडली तरी हेका मोडत नाही. वीस वर्षं मी लीद भरते, रात्री शिंगरू अडलं तर मी उठते, आणि गाडी बोलावताना मला कुणी विचारत नाही. कॉफी पातळ असते ती दुधात पाणी असतं म्हणून, हे पण सांग त्यांना. खरं तर होसूरला त्यांनाच धाडणार होते मी. पण बालाजीराव म्हातारी घोडीच घेतात, म्हातारी माणसं घेत नाहीत."

तिचा आवाज सपाट रस्त्यानं चालला आणि शेवटी जिना चढला. तिला ते कळलंही नाही. मला कळलं, आणि शेवंतीलाही, कारण तिनं एक लांब उसासा टाकून मागचा उजवा पाय आईच्या मांडीवर ठेवून दिला.

आई बोलत राहिली. थांबायची हिंमत नव्हती. आजोबांच्या मेहुण्याच्या लग्नापासून मोटारपंपापर्यंत सगळं निघालं, खूर कोरून झाला, तेल भरून झालं. मी खुर्चीकडे पाहिलं. आजोबा छताकडे बघत होते आणि त्यांच्या मिशा हलत होत्या.

आई पाय खाली ठेवून उठायला लागली, तेव्हा ते खाकरले.

"शेवंती," आजोबा म्हणाले, "तुझ्या मालकिणीला सांग, मागचा डावा राहिलाय."

मालकीण पुन्हा खाली बसली. आजोबांनी खिशातून फोन काढला आणि बालाजीरावांना कळवलं, की गाडी नको, इथे घोडीला बोलायला माणूस मिळालाय.