वंशावळीतून गाळलेली आत्या

मी नर्सिंग शिकायला पुण्याला निघाले त्या सकाळी वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर आई रडत होती, दादा बॅग चढवत होता आणि ठकूआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, कंडक्टरकडे संशयानं बघत होती. गाडी खरंच पुण्याला जाते का, हे तिनं त्याला तीनदा विचारलं. मग खिडकीशी येऊन मला म्हणाली, "पोरी, शेरात कागूद लई. सही करायच्या आदी दोनदा वाच. येकदा काय लिवलंय ते, येकदा काय गाळलंय ते." तिला स्वतःला अक्षरओळख नव्हती.

गावकऱ्यांनो, तुम्ही तिला येडी ठकू म्हणायचात. नवऱ्यानं हात उचलला म्हणून ती दोन शेळ्या घेऊन माहेरी आली ती आलीच. आजोबा थकल्यावर तिनं नांगर धरला. बाईनं नांगराला हात लावला की पाऊस रुसतो, असं तुम्हीच म्हणालात. त्या वर्षी भात आडवं होईस्तोवर पाऊस पडला, तेव्हा मात्र कुणी तोंड उघडलं नाही. पुढे बंगल्यांच्या प्लॉटसाठी मोजणीवाले आले, तर ही दिवसभर हद्दीच्या दगडावर बसून राहिली. देवळाच्या फरशीवर गावच्या कर्त्या माणसांची नावं कोरलीत. मी बोट लावून वाचलीत. सगळे बाप्ये.

आता मी धनकवडीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. शिफ्ट, वायफाय, सोसायटीचा ग्रुप. पार्सलवाल्यालाही दाराची साखळी न काढता बघते.

म्हणूनच गेल्या महिन्यात दादा न कळवता दहा किलो इंद्रायणी घेऊन आला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत त्यानं मूठभर तांदूळ आणला नव्हता. चहा झाला आणि पिशवीतून कागद निघाला.

"आजोबा, बाबा दोघंबी गेलं, तवा जमिनीच्या वारसनोंदीची वंशावळ हाय. हितं सही कर फकस्त."

एकदा वाचलं. सगळं बरोबर होतं, माझं नावसुद्धा. दुसऱ्यांदा वाचलं. आजोबांच्या खाली एकटे बाबा.

"आत्या कुठंय?"

"तिला काय करायचीय जमीन? पोर न्हाई, बाळ न्हाई."

"ती जिती हाय, दादा. त्याच जमिनीवर राहतीय."

"तूबी तिच्यासारकीच निघालीस," म्हणत तो उठला. कागद मी परत दिला नाही.

आत्याला फोन केला. सही केली नाही म्हणून सांगितलं.

"कशावरनं?" ती म्हणाली.

मला रडूच आलं. हिच्यासाठी भावाशी वाकडं घेतलं आणि हिचा माझ्यावरही भरवसा नाही! रविवारी तणतणतच एसटी पकडली, डोंगर चढले आणि कागद तिच्यापुढं टाकला. सहीची मोकळी जागा तिनं बोटानं चाचपली.

"आता वाच. दोनदा."

मी वाचलं. दादा दुसरा कागद करणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. मग तिनं चुलीतला कोळसा माझ्या हातात दिला.

"माजं नाव कसं दिसतंय ते भितीवर काड. फुडच्या येळंला माजं मलाच बगता आलं पायजे."

मी काढलं. तिनं त्याखाली तीनदा गिरवलं आणि मगच मला भाकरी वाढली.

घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी धनकवडी सांगते. पण माझा शब्द तपासून घेतल्याशिवाय जिथं मला जेवायला मिळत नाही, ते घर त्या भिंतीपाशी आहे.