त्याला मोठा ठरवणारी मी कोण?

वसुधाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात भेंडी निवडत होते. "ताई, वसू गेली... झोपेतच." मी भेंडीचे पैसे दिले आणि पिशवी तिथेच विसरून घरी आले.

कॉलेजपासूनची आमची मैत्री. पुढे ती बाल न्याय मंडळावर सदस्य झाली. कांदिवलीतल्या एका भांडणात सोळा वर्षांच्या मुलाने त्याच्याच वयाच्या मुलाला भोसकलं, तो दगावला. एवढ्या गंभीर गुन्ह्यात अशा मुलावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, हे मंडळ ठरवतं. दंडाधिकारी हो म्हणाले. वसुधा आणि दुसरे सदस्य नाही म्हणाले. मुलगा सुधारगृहात गेला, फार तर तीन वर्षांसाठी.

मी चिडले. "अगं, जीव घेतलाय त्याने!"

"सरकारला त्याला शाळेत टिकवता आलं नाही, आणि आता एका सहीत मोठा करायचा? त्याला मोठा ठरवणारी मी कोण?"

"आणि जो गेला, त्याचं काय?"



मंडळावरची मुदत संपल्यावर ती त्या दगावलेल्या मुलाच्या आईला, नंदाताईंना भेटायला गेली. त्या मासळी विकतात. पहिल्यांदा त्यांनी तोंडावर दार लावलं. वसुधा पुन्हा गेली, मग जातच राहिली. "कशाला जातेस?" मी विचारलं. "माहीत नाही गं..." म्हणाली. हे उत्तर मला अजून उलगडत नाही. निकाल बरोबर वाटत होता, तर जायची कशाला? आणि चुकला असं वाटत होतं, तर कधी बोलली का नाही?

स्मशानात नंदाताई आल्या. मला धास्तीच वाटली. म्हणाल्या, "बाई चुकली. शेवटपर्यंत तोंडावर सांगत होते तिला, तू चुकलीस म्हणून. पण यायची."

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. कोण बरोबर, हे कळेल असं वाटलं असावं. खिडकीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची होती. मी बसणार, तेवढ्यात नंदाताई आतून म्हणाल्या, "तिथे नको बसूस. ती बाईंची."

मी खाली चटईवर बसले. चहा घेऊन त्याही समोर येऊन बसल्या.