दुसरा मोजा

आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर स्वयंपाकघराच्या खिडकीची बाहेरची काच पुसली. मी काठीला माझा जुना खाकी मोजा बांधून दिला, तिनं जाळीतून हात घातला. पुसता पुसता जुनी केस आठवली, दोघं पोट धरून हसलो.

नव्वदीतली गोष्ट. इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी फिर्याद दिली, कपाटातल्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. वॉचमननं खबर दिली, बिल्डिंगचा रंगारी त्याच खिडकीपाशी दोरावर लटकत होता. उचलून आणला. मी शिपायाचा हवालदार झालेला, चौथी पास, आवाज तेवढा मोठा. दोन तास दरडावला.

"साहेब, खिडकीला जाळी हाय. मी काय उंदीर हाय का आत शिरायला?"

बाहेर पायरीवर त्याची बायको डबा घेऊन बसलेली. सकाळी कोर्टात उभा केला असता, तर पुन्हा कुणी त्याला भिंतीला हात लावू दिला नसता.

जेवायला घरी आलो, बायकोला केस सांगितली. दिवाळी तोंडावर, ती खिडकीची काच पुसत होती. हात मोकळे.

"पाटल्या कुठायत?"

"अहो हवालदार, पाटल्या घालून हात जाळीतून जातो का? एक मोजा काठीला, दुसऱ्यात पाटल्या. तुमच्या त्या बाईंनी काय केलं, विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. तसाच उठलो. बाईंच्या घरी खिडकी पुसायची काठी मागितली. काठीला मोजा होता.

"दुसरा मोजा कुठाय?"

बाई लाल झाल्या. "अगं बाई! धुण्यात टाकला!" कपाटात ठेवायची रोजची सवय, म्हणून तसंच लिहून दिलेलं. धुण्याच्या ढिगातून मोजा उपसला, तर खळखळला. पंचनाम्यात "एक मोजा, न धुतलेला" असं लिहिलं. साहेब हसून बेजार.

रंगाऱ्याला सोडला, हात जोडून माफी मागितली. तेव्हापासून आरोपीला दम देण्याआधी फिर्यादीला त्या दिवशी काय काय केलं ते करून दाखवायला लावायचो. लय केसेस तिथंच सुटल्या.

परवा हेच आठवून हसलो. ही चहा ठेवायला वळली ती ओट्यापाशी खाली बसली, उठलीच नाही. रात्रीतून लेक आली. सकाळी ती कपाट उपसत रडत होती, "बाबा, आईच्या पाटल्या कुठायत? मोकळ्या हातांनी कशी पाठवू?"

मी खिडकीतला दुसरा मोजा काढला आणि पाटल्या माझ्या हातानं हिच्या हातांत घातल्या.