रेडिओकाकूंच्या जिभेचा भाव

रेडिओकाकूंनी म्हणे जीभ विकली! औषधवाल्याने घसघशीत रक्कम पुढे केली आणि काकू जन्मभर गप्प बसायला तयार झाल्या, ही बातमी सकाळच्या दुधाआधी गल्लीत पोचली. अर्थात साफ खोटी. जिभेला भाव आला होता एवढं खरं. सौदा व्हायचा होता. आणि गिऱ्हाइकाला माल ठाऊक नव्हता.

काकूंना रेडिओ म्हणतात ते उगाच नाही. फक्त रेडिओला बंद करायचं बटण असतं. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसायचे आणि दिवसभर बायकोला 'हं' म्हणायचे. अख्खा संसार त्या 'हं'वर उभा. कुठला 'हं' होकाराचा आणि कुठला 'आता पुरे'चा, हे काकूंना बरोबर कळायचं. दुसऱ्याकडे त्या सोयीस्कर कानाडोळा करायच्या.

पुढे काकांना गोळी गिळवेना. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून औषधाच्या दुकानातच गोळ्या कुटून त्यांचं पातळ औषध करून मिळू लागलं, संत्र्याच्या वासाचं. एकदा कुटणाऱ्याचं माप चुकलं आणि औषध दहापट कडक झालं. काकांनी चमचाभर घेतलं, 'हं' म्हणाले, आणि सकाळी तेही म्हणेनासे झाले.

जाऊबाई ती बाटली घासून तेल भरायला निघाल्या होत्या. काकूंनी हिसकावून घेतली. "राहू दे गं! त्यांच्या शेवटच्या घोटाचा वास आहे तिला." मायेपोटी कपाटात ठेवलेली बाटली पुढे पुरावा ठरली.

भाची वकील. ओट्याला टेकून तिने समजावलं, "मावशी, दारं तीन आहेत. परवाना देणाऱ्यांकडे तक्रार केलीस तर दुकानाची चौकशी होईल, तुझ्या हाती काही पडणार नाही. पोलिसांत निष्काळजीपणाची फिर्याद देता येते, पण गुन्हा शाबीत करणं कठीण. तिसरा भरपाईचा दावा. त्याला मुदत असते, तेव्हा रडायचं ते रड, पण सही करून रड."

"एकाच दारातून जायचं का?"

"तसं काही नाही. तिन्ही उघडता येतात."

"मग उघड की! वारं तरी येईल घरात."

बाटलीतलं उरलेलं औषध तपासलं गेलं, आणि दुकानदाराच्या वकिलाला अचानक माणुसकी आठवली. त्याने सगळ्यांना आपल्या ऑफिसात बोलावलं, चहा मागवला. तडजोडीची रक्कम ऐकून जाऊबाईंनी मनातल्या मनात घरचे पडदेसुद्धा बदलले. मग भाचीने शेवटचं कलम मोठ्याने वाचलं: झाल्या प्रकाराबद्दल कुणाशीही, कधीही, एक शब्द बोलायचा नाही.

जाऊबाईंना ठसका लागला.

"नीट विचार कर, मावशी," भाची हळूच म्हणाली. "नाही म्हटलंस तर निकालाला वर्षं लागतील. कदाचित हरूही."

काकू चष्मा पुसत बसल्या. काकांचं दुकान बंद, कमाई बंद, घरमालक मात्र चालू. पैसे हवेच होते. पण खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीच्या तान्ह्या लेकीचं औषधही त्याच औषधवाल्याकडे, त्याच हातांनी कुटलं जायचं. तिला आज सांगायचं नाही, उद्याही नाही? जिन्यात भेटल्यावर नुसतं हसायचं?

काकूंना गप्प बघून वकील खूश झाला. पेनाचं टोपण काढून त्याने पेन पुढे केलं. "काकू, तुम्हाला काही करायचंच नाहीये. फक्त गप्प बसायचं."

काकूंनी चष्मा चढवला, पेनाला टोपण लावलं आणि ते त्याच्या खिशात परत खोचलं.

"आमच्या घरात बोलायचं काम माझं आणि गप्प बसायचं काम त्यांचं," त्या म्हणाल्या. "त्यांचं काम तुम्ही पुरतं करून घेतलंत. माझं मला करू द्या."